दिवाणखान्यातले विनोदी गाणे

वसंत व्याख्यानमालेत राज्यक्रांत्या येतात, संतवाङ्मय येते, अणुशक्तीही येते. त्यांच्या पंक्तीला विनोदी गाण्यांच्या छापील चोपड्या आणून बसविणे काहींना थट्टेचे वाटेल. त्यातून ह्या चोपड्या आपल्याकडच्याही नव्हेत. त्या व्हिक्टोरिया राणीच्या लंडनमधल्या. आणि कोणासाठी, तर घरी हौसेने पियानो बडविणाऱ्यांसाठी! परंतु ह्याच कागदापायी पुढे इंग्लंडात धाडी पडल्या, खटले उभे राहिले, आणि पार्लमेंटला चार वर्षांत दोन कायदे करावे लागले. गाणे कोणाचे, रचणाराचे, गाणाराचे, छापणाराचे की विकत घेऊन वाजविणाराचे, असा तो तंटा होता.

प्रथम गाणे आले कोठून ते पाहू. १८५२ साली चार्ल्स मॉर्टन नावाच्या एका हुशार खानावळवाल्याने लंडनच्या लँबेथ भागात कँटरबरी हॉल उघडला. खावे, प्यावे आणि रंगमंचावरचे गाणे ऐकावे, असा तेथला शिरस्ता. अशा जागांना म्यूझिक हॉल म्हणू लागले. धृपद आले की सारी सभा गवयाबरोबर ओरडत असे. गाण्यांचे विषय म्हणजे घरमालकीण, सासू, पोलीस, कर्ज, दारू. प्रतिष्ठित मध्यमवर्गातील पुष्कळ कुटुंबे तेथे पाऊल ठेवीत नसत. पण चाल ही मोठी लबाड वस्तू! ती भिंती मानीत नाही. नोकर शिट्टी वाजवीत घरात येई, आणि आठ दिवसांत घरातल्या मुली तीच चाल गुणगुणू लागत.

मग ती चाल पियानोवर का वाजवू नये? पियानो तर घरोघर येऊ लागला होता. तीन वर्षांच्या हप्त्यांनी तो मिळे, आणि कारकुनाच्या घरीही तो दिसू लागला. पियानोचा इतिहास लिहिणारे सिरिल अर्लिच ह्यांचा अंदाज आहे की, १९१० च्या सुमारास ब्रिटनमध्ये वीस ते चाळीस लाख पियानो होते. म्हणजे दहा-वीस माणसांमागे एक. आपल्याकडे नाट्यपदांनी जसे घरोघर पेटी नेली, तसेच काहीसे हे झाले, एवढे म्हणता येईल.

चोपडीची रचना ह्या हौशी बोटांना ओळखून केलेली असे. आरंभी चार-आठ मात्राखंडांचा लहानसा तुकडा, म्हणजे गाणाराला सूर सापडावा. डाव्या हाताला ठेका: खाली एक स्वर, वर दोन-तीन स्वर एकदम. उजव्या हाताला गळ्याचीच चाल, म्हणजे गाणारा चुकला तरी पियानो त्याला सांभाळून नेईल. आवाजाची धाव सप्तकाच्या फारशी पलीकडे नाही. पुष्कळ चोपड्यांत ओळीवर सोल-फा पद्धतीची अक्षरेही छापीत. आपल्या सारेगमसारखीच ती, नोटेशन न येणाऱ्यांची सोय. कडव्यांच्या मध्ये गवय्याने करावयाची बडबडदेखील गद्यात छापलेली असे. डोळा कसा मिचकावायचा, कोणत्या शब्दावर थांबायचे, हे मात्र छापण्याची सोय नव्हती. तेव्हा चावट गाणेही कागदावर अगदी सोज्ज्वळ दिसे आणि सोवळ्या दिवाणखान्यात बिनधोक जाई. ज्यांना शब्दांचीच धास्ती, त्यांच्यासाठी ह्याच चाली क्वाड्रिल नृत्याला जोडून शब्दांवाचून विकीत. शब्द सर्वांना पाठ असत, ही गोष्ट वेगळी!

मुखपृष्ठाविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. आतले स्वर कथिलाच्या पत्र्यावर ठशांनी उलटे ठोकीत, पण बाहेरचे रंगीत चित्र शिळाछापाचे असे. ही शिळाछपाई १७९६ च्या सुमारास बव्हेरियात सेनेफेल्डरने शोधली आणि आरंभीच संगीत छापण्यासाठी वापरली. तीच कला मुंबईत आली आणि १८३१ साली गणपत कृष्णाजींनी तिने मराठी पंचांग छापले. आपल्या पंचांगाची आणि ह्या चावट गाण्यांची अशी एक दूरची सोयरीक आहे!

लंडनमध्ये ह्या मुखपृष्ठांचा राजा म्हणजे आल्फ्रेड कॉनकेनन. १८८६ साली तो वारला, तोवर त्याने अशी शेकडो चित्रे काढली होती. १८६६ च्या ‘शॅम्पेन चार्ली’ ह्या गाण्याचे त्याने काढलेले चित्र पाहा. उंच टोपी, झोकदार कोट आणि हाती बाटली घेतलेला छेलछबिला उभा आहे. हा जॉर्ज लेबर्न. मूळचा यंत्रकामगार, सोंग मात्र उमरावाचे. रस्त्यावरच्या दुकानाच्या काचेतून हे चित्र खुणावी, आणि जो हॉलमध्ये कधी गेला नाही तोही चोपडी घेऊन घरी जाई. चाल अल्फ्रेड लीची. ती एवढी पसरली की पुढे दारूबंदीवाल्या साल्व्हेशन आर्मीने तिच्यावर भजन बसविले. लेबर्न स्वतः १८८४ साली, बेचाळिसाव्या वर्षी गेला.

आता किमतीकडे वळू, कारण खरी मेख तेथे आहे. मुखपृष्ठावर छापलेले असे तीन किंवा चार शिलिंग, आणि दुकानदार देई निम्म्यात. मूळची ही सवलत संगीतशिक्षकांची. पुढे सर्वांनाच मिळू लागली. तरीही दीड-दोन शिलिंग उरतच. मजुराचा आठवड्याचा पगार एक पौंडाच्या, म्हणजे वीस शिलिंगांच्या आसपास असण्याचा तो काळ. म्हणजे एका गाण्याला जवळजवळ अर्ध्या दिवसाची मजुरी पडे.

त्यातून आणखी एक भय होते. १८३३ च्या नाट्यविषयक कायद्यात परवानगीवाचून जाहीर प्रयोग केल्यास कमीत कमी चाळीस शिलिंग दंड होता. हॅरी वॉल नावाच्या गृहस्थाने गाण्यांचे हक्क घेतले आणि धर्मादाय जलशांत गाणाऱ्या हौशी मंडळींना गाठून दोन-दोन पौंड मागण्याचा धंदाच मांडला. बिचाऱ्यांना कळेना की, पैसे देऊन घेतलेली चोपडी गाण्यात गुन्हा कोणता! अखेर १८८२ साली कायदा झाला, की जाहीर गाण्याचा हक्क राखावयाचा असेल तर तसे चोपडीवर छापावे. १८८८ साली किमान दंडाची सक्तीही गेली. त्यानंतरच्या पुष्कळ चोपड्यांवर, थिएटरे व म्यूझिक हॉल सोडून कोठेही हे गाणे विनामूल्य गावे, अशा अर्थाची ओळ दिसते. हौशी माणसाला मिळालेले हे अभयपत्रच म्हणा.

किंमत मात्र उतरली नाही. शतक संपताना छायाचित्रावरून शिळाछाप करणे सोपे झाले, आणि लंडनच्या रस्त्यांवर फेरीवाले दीड शिलिंगाची चोपडी दोन पेन्सला विकू लागले. प्रकाशकांनी ओरड केली. १९०२ च्या कायद्याने पोलिसांना फेरीवाल्यांकडचा माल जप्त करता येऊ लागला. पण छापखान्यात शिरता येईना, विकणाऱ्यास शिक्षाही होईना. आज माल गेला, उद्या नवा गठ्ठा हजर! ह्या चोरट्यांचा म्होरक्या जेम्स विलेट्स सरकारी समितीपुढे उघडपणे येऊन म्हणाला की, पियानो गरिबांच्याही घरी आहेत, त्यांना गाणे परवडू नये काय? पार्लमेंटात जेम्स कॉल्डवेल ह्या सभासदानेही चढ्या किमतींवर बोट ठेवून नवे विधेयक अडवून धरले. १९०६ च्या जानेवारीत विलेट्सला नऊ महिन्यांची सजा झाली, आणि ऑगस्टमध्ये टी. पी. ओकॉनर ह्यांचे विधेयक मंजूर होऊन छापणाऱ्यास व विकणाऱ्यास दंड आणि पुन्हा केल्यास कैद ठरली.

माझे मत विचाराल तर चोरी ती चोरीच. ज्या रचनाकारांना प्रतीमागे पैसे मिळत, त्यांच्या तोंडचा घास तिने खरोखर काढला. पण विनोदी गाणी रचणारे पुष्कळ जण गिनी-दोन गिन्यांत गाणे कायमचे विकून मोकळे होत; त्यांच्या नावाने प्रकाशकांनी गाळलेली आसवे मला तितकीशी खरी वाटत नाहीत. आणि चोरट्यांचा बंदोबस्त झाल्यानंतर त्याच प्रकाशकांनी सहा पेन्सच्या आवृत्त्या काढल्या, ही गोष्ट बोलकी आहे.

पुढे १९११ साली इंग्लंडात सर्व लेखनहक्कांचा एकत्र कायदा झाला, आणि त्याच्याच साच्यावर १९१४ चा आपल्याकडचा कायदा आला. १९५७ चा आपला स्वतःचा कायदा लागू होईपर्यंत मराठी नाटकातली पदेही त्याच्याच छत्राखाली होती.

आज संग्रहालयांत ह्या चोपड्या जपल्या जातात त्या बहुधा मुखपृष्ठांसाठी. कित्येकांनी तर मुखपृष्ठ कापून चौकटीत लावले आणि आतली पाने फेकून दिली. जी पाने उरली आहेत त्यांवर कोठे कोठे स्वरांच्या डोक्यावर पेन्सिलीने बोटांचे आकडे घातलेले दिसतात, आणि अवघड जागी, जिथे डावा हात उडी घेतो, तिथे एखादी फुली.