पवनीचा अनाम शिल्पकार

१/ चित्रकारावरचा माहितीपट बहुधा त्याच्या चेहऱ्यापासून, नावापासून, घरापासून सुरू होतो. भंडारा जिल्ह्यातील पवनीच्या प्राचीन शिल्पकाराचे यांपैकी काहीच उरलेले नाही. उरले आहे ते केवळ त्याचे काम.

२/ १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले. शां. भा. देव आणि जे. पी. जोशी यांच्या नेतृत्वाखालील या उत्खननात बौद्ध स्तूप आणि त्याभोवतीच्या दगडी वेदिकेचे अवशेष उजेडात आले.

३/ वेदिका म्हणजे प्रदक्षिणामार्गाचा कठडा. उभे स्तंभ, त्यांना जोडणाऱ्या आडव्या सूची आणि माथ्यावरचे उष्णीष ही तिची अंगे. शिल्पकाराचा फलक हाच.

४/ येथील एका शिल्पात पाच फण्यांचा नाग आहे. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानस्थ असताना वादळी पाऊस सुरू झाला आणि नागराज मुचलिंदाने सात दिवस फणा धरला, अशी कथा आहे. शिल्पात फणा आहे, आसन आहे. बुद्ध मात्र दिसत नाही. त्या काळी बुद्धाची मूर्ती न घडवता आसन, बोधिवृक्ष, चक्र अशा चिन्हांतून त्याचे अस्तित्व सुचवीत.

५/ शिल्पावर ब्राह्मी लिपीत नागाचे नाव कोरले आहे: ‘मुचरिंद’. मध्य प्रदेशातील भरहुतच्या वेदिकेवरही अशाच नामपट्ट्या आढळतात. कथा न जाणणाऱ्या यात्रेकरूला चित्राचा अर्थ लागावा, ही सोय त्यातून होई.

६/ दात्यांची नावेही दगडावर आहेत. विसमिता या नावाच्या दानलेखात ते दान सर्व प्राणिमात्रांच्या सुखासाठी असल्याचे म्हटले आहे. पवनीच्याच दुसऱ्या एका शिलालेखाने भार राजा भगदत्ताचे नाव राखले.

७/ नागाचे, दात्याचे, राजाचे नाव टिकले. घडवणाऱ्याचे तेवढे राहिले.

८/ महाराष्ट्रात याला अपवाद आहे. पितळखोरे येथील यक्षमूर्तीच्या हातावर ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचा लेख आहे. एका ओळीने कलावंताचे नाव आणि व्यवसाय दोन्ही इतिहासात आले.

९/ पवनीच्या शिल्पकाराला तशी ओळ लाभली नाही. त्याचे चरित्र म्हणजे हे दगडच. म्हणून एखादा कोरीव तुकडा कुठे सापडला, याची नोंद न होता तो हलवला गेला, तर त्या चरित्राचे एक पान कायमचे हरवते.