विजेवरची दुचाकी : स्वस्त कोणाला, महाग कोणाला?

विजेवर चालणारी दुचाकी कोण विकत घेतो, या प्रश्नाचे उत्तर बहुधा महानगरांच्या संदर्भात दिले जाते. सुशिक्षित, नोकरदार, तंत्रज्ञानाची आवड असलेला तरुण असे त्या ग्राहकाचे चित्र रंगवले जाते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. ज्या गावांत दुचाकी ही हौस नसून घराचे पाय असते, तेथे हा प्रश्न अधिक नेमकेपणाने विचारता येतो. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर ही अशीच दोन मराठीभाषक गावे. तेथील परिस्थितीच्या आधारे विजेवरच्या दुचाकीचे स्वस्त आणि महाग असे दोन मार्ग, त्यांमागची वृत्ती आणि व्यवहार यांचा हा परामर्श.

दोन गावे, एक बाजारपेठ

१९५६ पर्यंत ज्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती, त्यातील हा भाग. राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात गेला. हे दोन्ही तालुके मात्र मध्य प्रदेशात राहिले. घरातील बोली मराठी, शासनाची भाषा हिंदी. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्ण्याचे नाव दूरवर माहीत असते. पण येथील अर्थव्यवहाराचा कणा संत्री आणि कापूस हा आहे. सौंसरजवळ बोरगावची औद्योगिक वसाहत आहे.

राजधानी भोपाळ दूर आणि नागपूर जवळ, ही येथील वस्तुस्थिती. सौंसरहून नागपूर सुमारे सत्तर किलोमीटर, पांढुर्ण्याहून शंभराच्या आत-बाहेर. उपचार, उच्च शिक्षण, लग्नाचा बस्ता, मोठी खरेदी यांसाठी माणसे नागपूर गाठतात. गोमंतकीय वाचकाला हे नाते अपरिचित वाटू नये. बांदा, दोडामार्गच्या माणसाचे सरकार मुंबईत आणि बाजार म्हापशात असतो, तसाच हा प्रकार. या सीमेचा विजेवरच्या दुचाकीशी थेट संबंध आहे, तो पुढे येईल.

एकाच नावाची दोन वाहने

बोलताना सर्वच गाड्यांना ‘ई-बाईक’ किंवा ‘बॅटरीची गाडी’ म्हटले जात असले, तरी कायद्याच्या लेखी ही दोन भिन्न वाहने आहेत. पहिला प्रकार मंदगती गाड्यांचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या दुचाकीच्या मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोपर्यंत असते, ती ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच बसत नाही. तिला नोंदणी नाही, चालकाला परवाना नाही, विम्याची सक्ती नाही. दुसरा प्रकार वेगवान गाड्यांचा. त्यांना नोंदणी, परवाना, विमा, शिरस्त्राण हे सारे लागू होते आणि खासगी गाडीवर हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे येतात.

या भेदाचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. विजेवरच्या दुचाकींच्या खपाचे जे आकडे प्रसिद्ध होतात, ते शासनाच्या ‘वाहन’ या नोंदणी-संचिकेवर आधारलेले असतात. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे साडेअकरा लाख विद्युत दुचाकींची नोंद झाली. मंदगती गाडीची नोंदणीच होत नसल्याने ती या आकड्यात नाही. म्हणजे महाग गाडी घेणारा मोजला जातो आणि स्वस्त गाडी घेणारा मोजलाच जात नाही. ‘हा ग्राहक कोण’ याविषयीचे आपले सर्वमान्य चित्र अर्ध्याच गिऱ्हाइकांना पाहून काढलेले आहे.

चेतक आणि लूना

स्वस्त-महाग हा भेद मराठी घरांना नवा नाही. १९७२ साली पुण्यातून दोन दुचाकी बाजारात आल्या. बजाजची चेतक ही मध्यमवर्गाची प्रतिष्ठा. तिच्यासाठी वर्षानुवर्षे क्रमांक लावून थांबावे लागे. कायनेटिकची लूना ही पन्नास सीसीची, पायडल असलेली, शिक्षक-कारकून-दूधवाल्यांची गाडी. दोन्ही नावे आता विजेवर परतली आहेत. विद्युत चेतक जानेवारी २०२० मध्ये आली, तेव्हा तिची किंमत एक लाख रुपयांपासून सुरू होत होती. ई-लूना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे सत्तर हजारांत आली. दोन किलोवॅट-तासांची बॅटरी, ताशी पन्नासचा वेग आणि दीडशे किलो भार वाहण्याची क्षमता हे तिचे वैशिष्ट्य. टीव्हीएस, एथर, ओला, हिरोची विडा ही वरच्या श्रेणीतील अन्य परिचित नावे. सर्वांत खालच्या पायरीवर अनेक लहान उत्पादकांच्या, लेड-ॲसिड बॅटरीच्या मंदगती गाड्या असतात.

गरज कोणाची, गाडी कोणती

तालुक्याच्या गावात दुचाकीचा प्रवास तीन प्रकारचा असतो. पहिला गावातल्या गावात : शाळा, बाजार, दवाखाना, देऊळ. दिवसाला आठ-दहा किलोमीटर. दुसरा गाव ते शेत, किंवा सौंसर ते बोरगाव असा नित्याचा. वीस-तीस किलोमीटर, कधी मागे संत्र्याची क्रेट किंवा खताचे पोते. तिसरा लांबचा : पांढुर्णा ते सौंसर, जामसांवळीचे हनुमान मंदिर, प्रसंगी नागपूर. सौंसरहून छिंदवाड्याकडे निघाल्यास सिल्लेवानीचा घाट आडवा येतो.

मंदगती गाडी पहिल्या प्रवासासाठी आहे. परवाना नसलेली गृहिणी, सायकल झेपेनाशी झालेले निवृत्त गृहस्थ, शिकवणीला जाणारी मुले यांना ती सोयीची. ‘परवाना लागत नाही’ हा तिच्या बाजूचा सर्वांत मोठा युक्तिवाद असतो, किंमत हा दुसरा. ही निवड अज्ञानातून होते असे मानणे अन्यायाचे ठरेल. लेड-ॲसिड बॅटरी ही इन्व्हर्टरच्या बॅटरीची सख्खी बहीण. ती कोणत्याही तालुक्याच्या बॅटरी-दुकानात मिळते, जुनी मोडीत देता येते. साधी वायरिंग गावचा मिस्त्री पाहू शकतो. उलट महाग गाडीचा कंट्रोलर बिघडला किंवा सॉफ्टवेअर अडकले, तर कंपनीच्या अधिकृत केंद्राखेरीज इलाज नसतो, आणि ते केंद्र गावात नसेल तर गाडी टेम्पोत घालून न्यावी लागते. स्वस्त गाडी निवडणारा अनेकदा किमतीपेक्षा दुरुस्तीचे अंतर मोजत असतो.

महाग गाडीमागची वृत्तीही केवळ दिखाऊपणाची नाही. तिच्यातील लिथियम बॅटरीवर साधारणतः तीन वर्षांची हमी मिळते. काही कंपन्या जादा रकमेत ती आठ वर्षांपर्यंत वाढवून देतात. नियमित पगारामुळे हप्ता भरू शकणारा शिक्षक, बँक कर्मचारी, कारखान्यातील कामगार यांना ती परवडते. संत्रा बागायतदाराचे गणित निराळे : आंबिया आणि मृग या बहारांचा पैसा वर्षातून ठरावीक वेळीच हाती येतो. त्यामुळे मासिक हप्त्यापेक्षा एकरकमी खरेदीकडे त्याचा कल असणे स्वाभाविक आहे आणि एकरकमी खरेदीत किमतीचा आकडा अधिक टोचतो.

हिशेब मांडला तर

पेट्रोल लिटरला १०५ रुपये, पेट्रोल स्कूटरचा लिटरमागे पल्ला ४५ किलोमीटर, विजेचा दर युनिटला ७ रुपये आणि विद्युत स्कूटरला १०० किलोमीटरसाठी साडेतीन युनिट असे धरू. रोज २० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस गाडी चालली तर ६,००० किलोमीटर होतात. पेट्रोलला सुमारे १४,००० रुपये, विजेला सुमारे १,५०० रुपये. वर्षाची बचत साडेबारा हजार. महाग विद्युत स्कूटर पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा तीस हजारांनी महाग पडली, तरी अडीच वर्षांत फरक वसूल होतो.

आता रोज ८ किलोमीटरचे पाहू. वर्षाला २,४०० किलोमीटर, पेट्रोल ५,६०० रुपयांचे, वीज सहाशेची, बचत पाच हजार. तोच तीस हजारांचा फरक वसूल व्हायला सहा वर्षे. म्हणून कमी फिरणारा माणूस मंदगती गाडीकडे वळतो. परंतु लेड-ॲसिड बॅटरी नित्य वापरात बहुधा दीड-दोन वर्षांत थकते आणि नवा संच दहा हजारांच्या घरात जातो. दोन वर्षांची बचतही दहा हजारच! इंधनावर वाचलेला पैसा बॅटरीत जातो. मंदगती गाडीचा खरा लाभ इंधनाच्या बचतीत नसून खरेदीच्या कमी किमतीत आणि परवान्याविना मिळणाऱ्या स्वातंत्र्यात आहे. हे उमजून ती घेतली तर पश्चात्ताप होत नाही. ‘पेट्रोलचे पैसे वाचतील’ एवढ्याच आशेने घेतली तर होतो.

अनुदान कोणाच्या दारी

केंद्राचे साहाय्य बॅटरीच्या क्षमतेशी बांधलेले होते. एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात किलोवॅट-तासामागे दहा हजार रुपये होते. जून २०२१ मध्ये ते पंधरा हजार झाले आणि जून २०२३ मध्ये पुन्हा दहा हजारांवर आले. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’मध्ये ते पाच हजार, गाडीमागे कमाल दहा हजार असे ठरले आणि २०२५-२६ साठी निम्म्यावर आले. लेड-ॲसिड बॅटरीच्या मंदगती गाड्या या साहाय्यातून वगळलेल्या होत्या. जुन्या, प्रदूषक तंत्राला सरकारी पैसा नको, ही भूमिका समर्थनीय आहे. तिचा परिणाम मात्र असा, की लाखाची गाडी घेणाऱ्याला सवलत मिळाली आणि पन्नास हजारांची घेणाऱ्याला काही नाही. जीएसटीचा पाच टक्के दर दोघांना सारखा. पण सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने तोही फरक आक्रसला आहे.

येथे सीमेचा प्रश्न येतो. मध्य प्रदेशच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात भोपाळ, इंदूर, जबलपूर, ग्वाल्हेर आणि उज्जैन ही पाच आदर्श शहरे म्हणून निवडली गेली. पांढुर्ण्याची बाजारपेठ यांपैकी एकही नाही; ती नागपूर आहे. नागपुरात निवड भरपूर; पण महाराष्ट्राचे राज्य अनुदान महाराष्ट्रात नोंदणी होणाऱ्या गाडीसाठी असते. मोटार वाहन कायद्यानुसार गाडीची नोंदणी मालक जेथे राहतो किंवा गाडी नित्य जेथे ठेवली जाते, त्या राज्यात व्हावी लागते. नातेवाइकाच्या पत्त्यावर ‘एमएच’ पाटी घेऊन गाडी वर्षभराहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात वापरल्यास पुनर्नोंदणी बंधनकारक होते. सवलतीच्या मोहात हा मुद्दा हमखास विसरला जातो.

धोका कोठे आहे

सर्वांत गंभीर बाब वेगाची. ताशी २५ च्या मर्यादेत प्रमाणित झालेल्या गाडीची वेगमर्यादा काढून ती ४०-४५ ने पळवली, तर ती कायद्याने मोटार वाहन ठरते. तिला नोंदणी आणि विमा आवश्यक होतो. तो नसताना अपघात घडला, तर भरपाईचा सारा भार मालकावर येऊ शकतो. चालवणारे शिकवणीला निघालेले मूल असेल तर प्रकरण आणखी बिकट. विक्रेत्याने ‘वायर काढली की पळते’ असे सांगणे ही सोय नव्हे, ती जोखीम ग्राहकाच्या गळ्यात घालणे होय.

दुसरी बाब उष्णतेची. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी विद्युत दुचाकींना आगी लागल्या, त्यानंतर बॅटरी-सुरक्षेचे ‘एआयएस-१५६’ हे मानक कडक करण्यात आले. विदर्भालगतच्या या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये, बॅटरी निवेपर्यंत थांबावे. रात्री झोपण्याच्या खोलीत चार्जिंग करू नये. सॉकेटला अर्थिंग असल्याची खात्री करावी. लिथियम फॉस्फेट प्रकारची बॅटरी उष्णता अधिक सोसते, हेही लक्षात ठेवावे.

खरेदीपूर्वी पाच प्रश्न

१. रोजचे खरे अंतर किती? कंपनीने सांगितलेल्या पल्ल्यातून किमान पाव भाग वजा करून विचार करावा. दोन माणसे, ओझे किंवा चढ असेल तर त्याहून अधिक.

२. बॅटरी कोणत्या प्रकारची, आणि हमी लेखी आहे का? हमी वर्षांची की किलोमीटरची, तेही पाहावे.

३. दुरुस्ती केंद्र किती दूर? गाडी बंद पडल्यास ती नेण्याचा खर्च कोणाचा?

४. मंदगती म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीला अधिकृत चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र आहे का? त्याची प्रत मागावी.

५. नवा बॅटरी संच आज किती रुपयांना मिळतो? हा आकडा गाडीच्या किमतीत मिळवून मगच स्वस्त-महाग ठरवावे.

घरागणिक दुचाकी असलेल्या गोव्यातही हे पाचही प्रश्न जसेच्या तसे लागू पडतात. फक्त उन्हाच्या जागी पावसाळी दमट हवा आणि सिल्लेवानीच्या जागी आपले चढ-उतार येतात. धोरण आखणाऱ्यांसाठी मात्र एक प्रश्न उरतो. ज्याची नोंदच नाही, त्या ग्राहकाच्या सुरक्षेची, बॅटरीच्या दर्जाची आणि जुन्या शिशाच्या विल्हेवाटीची जबाबदारी कोणाची? तालुक्याच्या गावातील गृहिणी आणि वृद्ध आपल्या ऐपतीनुसार विजेकडे वळत आहेत. त्यांची नोंद घेतल्याशिवाय विजेवरच्या दुचाकीचा कोणताही हिशेब पुरा होणार नाही.