विंचू उतरला

२०२२ साली महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली. आनंद झाला, पण १९७८ सालचा एप्रिलही आठवला.

तेव्हा मी श्रीवर्धनजवळच्या एका शाळेत होतो. दिवाळीनंतर कातकरवाडी ओस पडायची, सगळे वीटभट्ट्या-कोळसाभट्ट्यांवर. (म्हणूनच लस टोचायला कुणी आलं तरी घरात पोरं सापडत नसत.) एक पोरगा मात्र आजीपाशी राहून शाळेत यायचा. सरपण गोळा करताना जांभ्याच्या फटीतला तांबडा विंचू त्याला चावला. मी वाडीवर पोचलो तेव्हा भगत पाला फिरवून विंचू उतरवत होता. अर्ध्या तासात पोराचं रडणं थांबलं. "उतरला, गुरुजी," आजी म्हणाली. माझा मंत्राबिंत्रावर विश्वास नाही, तरी मी निर्धास्त होऊन घरी आलो. पोर घामाने निथळत होतं, हात गार पडले होते. मला वाटलं, घाबरलंय.

रात्री ते गेलं.

बावस्करांविषयी वाचलं तेव्हा कुठे उलगडा झाला. १९७६ साली ते महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी केल्या, त्या १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या. नुसतीच भयंकर ठणक असेल तर माणूस सहसा वाचतो. विष अंगात भिनलं की ठणक पुष्कळदा कमीच असते; उलट्या, दरदरून घाम, गार हातपाय या खऱ्या खुणा. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं.

म्हणजे भगताकडे आलेले बहुतेक जण आपसूकच बरे व्हायचे आणि यश मंत्राच्या खाती जमा व्हायचं. 'ठणक गेली, विंचू उतरला' हे माप फसायचं ते नेमकं जीव धोक्यात असलेल्याच्या बाबतीत.

पण अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. डॉक्टरांपाशी तरी तेव्हा काय होतं? स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपिन, त्यातल्या अ‍ॅट्रोपिनने तर अपायच व्हायचा. रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी इथे लागू पडते, हे बावस्करांनी दाखवलं ते पुढे, १९८६ च्या सुमाराला. गंभीर रुग्णांत शंभरातले तीसेक दगावत, ते प्रमाण मग चाराच्याही खाली आलं. अट एकच, गोळी वेळेवर पोटात जायला हवी. आणि वेळेवर पोचणारा वाडीत एकच होता, भगत. चार झोपड्यांपलीकडे राहणारा, आजीच्याच बोलीत बोलणारा, पैशांसाठी न अडणारा. दवाखाना गाठायचा तर आधी तंगडतोड, मग एसटीची वाट बघणं, आणि वर "आत्ता आलात होय?" हे ऐकून घेणं.

जूनमध्ये आईबाप भट्टीवरून परतले. बाप शाळेच्या पायरीशी उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, "भगताने उतरवला होता ना, गुरुजी? तुम्ही होतात तिथे."

मी हो म्हणालो.