बहिणाबाईंची संसाराची कविता: उपदेश, रडगाणं की समजूत? सूर बदलला की अर्थ कसा बदलतो

चूल, तवा आणि हाताला बसणारे चटके. बहिणाबाई चौधरींच्या संसारावरच्या कवितेचं हे सुरुवातीचं चित्र स्टेटस आणि रील्समध्ये हमखास दिसतं. कुणी ते नव्या नवरीला ‘सहन करायला शीक’ म्हणून पाठवतं, तर कुणी बाईच्या हालांचं रडगाणं म्हणून. शब्द तेच, मग अर्थ दोन कसे? उत्तर कवितेच्या सुरात आहे.

सूर म्हणजे काय?

बोलणाऱ्याचा विषयाकडे आणि ऐकणाऱ्याकडे पाहण्याचा भाव म्हणजे सूर. ‘आलास का?’ हे आई काळजीने विचारते, मित्र चिडवत विचारतो आणि उशीर झाला असेल तर वडील दरडावून विचारतात. समोरासमोर असताना हा फरक आवाजावरून कळतो. छापील कवितेत मात्र तो शब्दांतूनच शोधावा लागतो.

बहिणाबाईंच्या बाबतीत हे अवघड का?

कारण ही गाणी मुळात लिहिलेली नव्हती. जळगावजवळच्या आसोदे गावी 1880 मध्ये जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातली, शेतातली कामं करताना त्या गाणी रचत आणि गात. ती मुलगा सोपानदेव आणि जवळच्या नातेवाइकांनी उतरवून घेतली. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झालं. शब्द कागदावर आले, पण आवाज मागे राहिला.

मग कवितेत सूर कुठे सापडतो?

- संबोधनात: कविता ‘अरे’ने सुरू होते. पुढे समोरच्याला चक्क ‘येड्या’ म्हटलंय. म्हणजे ती सुनेला उपदेश करत नाही. संसाराला कंटाळलेल्या कुणाला तरी हक्काने समजावते.
- प्रतिमांत: चटक्यानंतर काकडी येते, टोकाला कडू पण बाकी गोड. मग बिब्बा येतो, वरून जहाल पण आत गोडंबी. दुःख नाकारलेलं नाही, पण त्यावर गाडी थांबलेलीही नाही.
- बोलीत: या कवितेत ‘गळा’चा ‘गया’ होतो. लेवा बोलीत ‘ळ’च्या जागी असा ‘य’ येतो. जामनेर, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात ही बोली घरात बोलली जाते. त्यामुळे इथल्या वाचकाला ‘येड्या’तली माया लगेच ऐकू येते. प्रमाण मराठीच्या सवयीने वाचणाऱ्याला तोच शब्द तिरस्काराचा वाटू शकतो.

कवयित्रीच्या आयुष्यावरून सूर ठरवावा का?

बहिणाबाईंना ऐन तिशीत वैधव्य आलं. म्हणून त्यांची प्रत्येक ओळ दुःखाचीच, असं अनेकदा धरलं जातं. आयुष्य माहीत असल्याने कविता समजायला मदत होते, पण सूर ठरतो तो कवितेतल्या शब्दांनी. इथे ते शब्द मिश्कील आणि ठाम आहेत.

याने फरक काय पडतो?

पहिलंच कडवं कापून त्यावर करुण संगीत लावलं की, स्वतःच्या अनुभवावरून बोलणारी बाई गप्प सोसणारी होऊन जाते. तिच्याच शब्दांनी मग दुसऱ्या बाईला गप्प केलं जातं. त्यामुळे एखादी कविता फॉरवर्ड करण्याआधी ती पूर्ण वाचा. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय आणि शेवटी कुठे पोहोचतंय, हे तीन प्रश्न विचारा. जमल्यास एकदा मोठ्याने म्हणून बघा.