जुनी गाडी घेतलीय? स्टिअरिंग कॉलम नीट बसवलाय का, हे आधी तपासा

जुनी पिकअप, जीप किंवा कार घेताना बहुतेक जण इंजिनचा आवाज ऐकतात, टायर बघतात, दरवाजे उघडझाप करून बॉडीचा अंदाज घेतात. एक चक्कर मारली, गाडी सरळ चालली की सौदा पक्का होतो. स्टिअरिंगच्या खाली वाकून कुणी बघत नाही.

पण इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते. ब्रेक कमी लागला तर हँडब्रेक असतो, गिअर असतो. स्टिअरिंग पुढच्या चाकांपासून सुटलं तर मात्र गाडी वळवायला हातात दुसरं काहीच उरत नाही. दिलासा एवढाच, की चुकीचा बसवलेला कॉलम बहुतेक वेळा आधी इशारा देतो. तो इशारा ओळखायला गॅरेज लागत नाही. घरासमोर अर्धा तास आणि एक टॉर्च पुरे.

कॉलम म्हणजे नेमकं काय?

स्टिअरिंगपासून खाली पायाजवळ जाणारा जो दांडा असतो, तो एका नळीत बसवलेला असतो. ही नळी ब्रॅकेटने डॅशबोर्डखाली आवळलेली असते. हा सगळा भाग म्हणजे कॉलम. त्याच्या खाली एक किंवा दोन जॉइंट येतात, त्यांना गॅरेजमध्ये ‘क्रॉस’ म्हणतात. तिथून पुढे लहान कारमध्ये रॅक आणि जुन्या जीप, ट्रकमध्ये स्टिअरिंग बॉक्स असतो. तो चाकं वळवतो.

बऱ्याच गाड्यांत हा कॉलम मुद्दाम ‘दबणारा’ बनवलेला असतो. समोरून धडक बसली तर दांडा चालकाच्या छातीत घुसू नये, कॉलम आखूड व्हावा, अशी ती रचना असते. म्हणून एकदा जोरात धडकलेल्या गाडीचा कॉलम बाहेरून सरळ दिसला तरी आतून दबलेला असू शकतो.

चूक होते कुठे?

कंपनीतून निघालेला कॉलम सहसा त्रास देत नाही. तो कुणीतरी एकदा खोलून परत बसवलेला असतो, तिथे गडबड होते. अपघाताचं काम, चावी हरवल्यावर फोडलेलं लॉक, वायरिंगसाठी काढलेला डॅशबोर्ड, साध्या स्टिअरिंगच्या जागी बसवलेलं पॉवर स्टिअरिंग, किंवा भंगार बाजारातून आणलेला दुसऱ्याच मॉडेलचा कॉलम, ही त्याची नेहमीची कारणं.

सगळ्यात धोक्याची चूक एका बोल्टची असते. दांड्याच्या टोकाला बारीक दाते असतात आणि तिथेच एक आडवी खाच असते. जॉइंटमध्ये दांडा पूर्ण आत गेला की आवळायचा बोल्ट बरोबर या खाचेतून जातो. मग बोल्ट थोडा ढिला झाला तरी दांडा बाहेर निसटत नाही, बोल्ट त्याला अडवतो. दांडा अर्धवट आत गेला असेल तर बोल्ट खाचेतून न जाता दांड्याच्या टोकापलीकडून जातो. आवळल्यावर बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. गाडीही चालते. खड्ड्यांच्या रस्त्यावर बोल्ट जरा सैल झाला, की दांडा हळूहळू सरकायला लागतो.

घरच्या घरी अशी तपासणी करा

गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये.

१. चाकं सरळ ठेवा. स्टिअरिंग हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवा आणि पुढचं टायर कधी हलतं ते बघा. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. चांगल्या गाडीत हा मोकळा ‘प्ले’ स्टिअरिंगच्या कडेला साधारण दोन-तीन सेंटीमीटरच्या आत असतो.

२. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा, आपल्याकडे ओढा, पुढे ढकला. वर-खाली होणाऱ्या स्टिअरिंगचं लॉक आधी लावून घ्या. तरीही ते डुगडुगलं तर ब्रॅकेटचे बोल्ट ढिले आहेत किंवा आतलं बेअरिंग, बुश गेलं आहे. पुढे-मागे सरकलं तर गाडी चालवू नका.

३. आता इंजिन बंद करा. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्याने टॉर्च घेऊन पायाजवळचा आणि बोनेटखालचा जॉइंट बघायचा. वरचा भाग हलतो आणि खालचा उशिरा हलतो, किंवा ‘टक’ असा आवाज येतो, म्हणजे दाते झिजले आहेत, बोल्ट ढिला आहे किंवा क्रॉस गेला आहे.

४. दांड्यावर, जॉइंटवर वेल्डिंगचा डाग, हातोड्याचे ठोके, ग्राइंडरने घासल्याच्या खुणा किंवा एकाच जागी मारलेला नवा काळा रंग दिसतो का बघा. जॉइंटच्या फटीत पत्र्याचा तुकडा ठोकलेला दिसला तर दात्यांचा प्ले लपवलेला आहे.

५. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि फेरे मोजा. चाकं सरळ असताना डावीकडे आणि उजवीकडे फेरे जवळपास सारखे भरले पाहिजेत. एका फेऱ्यात दोनदा जड, दोनदा हलकं लागत असेल तर क्रॉस जाम आहे किंवा दोन जॉइंट कंपनीने ठरवलेल्या रेषेत बसवलेले नाहीत.

६. इंडिकेटर लावून वळण घ्या. तो आपोआप बंद होत नसेल, हॉर्न कधी वाजतो कधी नाही, किंवा सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहत असेल, तर अलाइनमेंट बिघडलं असेल किंवा स्टिअरिंग चुकीच्या दात्यावर बसवलं असेल.

७. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर बिघाड लपवण्यासाठी दिवाच काढला असल्याची शंका घ्या.

दुरुस्ती की बदली?

ब्रॅकेटचे बोल्ट ढिले असतील, वरचं बेअरिंग किंवा बुश गेलं असेल, लॉकचा भाग अडत असेल, तर दुरुस्ती चालते. त्या गाडीसाठी क्रॉस सुटा मिळत असेल तर तो बदलता येतो.

दांडा वाकला आहे, दाते झिजले आहेत, नळी दबली आहे, कुठे चीर आहे, आधी वेल्डिंग झालं आहे, किंवा भाग दुसऱ्याच मॉडेलचा आहे, अशा वेळी बदलीच करावी. स्टिअरिंगच्या दांड्याला वेल्डिंग मारणं ही दुरुस्ती नव्हे. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं लोखंड ठिसूळ होऊ शकतं आणि पुढे ते न सांगता तुटतं. नांगराचा फाळ जोडता येतो, तो तुटला तर काम थांबतं. इथे माणूस जातो.

नवा कॉलम परवडत नसेल तर जुना घेता येतो. पण तो त्याच मॉडेलचा, त्याच प्रकारच्या स्टिअरिंगचा आणि समोरून न धडकलेल्या गाडीचा असावा. शेजारी आपला जुना भाग ठेवून लांबी, दाते आणि ब्रॅकेटची भोकं जुळवून बघा. एअरबॅग मात्र भंगारातली कधीच घेऊ नका.

काम कसं व्हायला हवं?

मिस्त्री काम करत असताना जवळ थांबा. क्रम साधारण असा असतो.

आधी पुढची चाकं सरळ करून स्टिअरिंग बांधून ठेवतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतात. एअरबॅग असेल तर गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबून मगच तिला हात लावतात. काढलेली एअरबॅग कव्हरची बाजू वर करून ठेवायची असते. जॉइंट सोडण्याआधी दांडा आणि जॉइंट, दोन्हींवर रंगाची एक रेघ मारतात, म्हणजे परत त्याच दात्यावर बसवता येतं.

स्टिअरिंग काढायला पुलर वापरावा. खालून-वरून हातोडा मारला तर दबणाऱ्या कॉलमच्या आतल्या प्लॅस्टिकच्या पिना तुटू शकतात. एअरबॅगच्या गाडीत स्टिअरिंगखाली गुंडाळलेल्या वायरची एक चकती असते. कॉलम सुटलेला असताना स्टिअरिंग गरागरा फिरवलं तर ती वायर तुटते, मग हॉर्न आणि एअरबॅग दोन्ही बंद.

बसवताना दांडा जॉइंटमध्ये पूर्ण आत घालायचा. बोल्ट हाताने सहज आत गेला पाहिजे. ठोकावा लागत असेल तर खाच समोर आलेली नाही. आता महत्त्वाची परीक्षा: बोल्ट घातल्यावर, पण आवळण्याआधी, जॉइंट ओढून बघायला सांगा. तो निघून आला तर बोल्ट खाचेतून गेलेला नाही. निघाला नाही तरच आवळायचा. या एका मिनिटाच्या परीक्षेसाठी मिस्त्रीला थांबवताना संकोच करू नका.

बोल्ट कंपनीने सांगितलेल्या मापाने, टॉर्क रेंच लावून आवळावेत. लॉकवाले नट जुने परत वापरू नयेत. बाजारातला साधा बोल्टही चालत नाही, त्याच ताकदीचा बोल्ट लागतो. आवळल्यावर नट आणि बोल्टवर मिळून रंगाची रेघ मारून घ्या. पुढे रेघ तुटलेली दिसली, की नट फिरला हे लगेच कळतं.

काही कारमध्ये पॉवर स्टिअरिंगची मोटर कॉलमवरच असते. तिथे कॉलम बदलल्यावर स्कॅनर लावून सेटिंग करावं लागतं. ते न केल्यास स्टिअरिंग एका बाजूला ओढू शकतं किंवा डॅशवर दिवा लागतो. गावातल्या गॅरेजमध्ये स्कॅनर नसेल तर हे काम तालुक्याला किंवा कंपनीच्या वर्कशॉपला न्यावं.

शेवटी पुढची चाकं उचलून, खाली भक्कम स्टँड लावून, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघतात. वायर ताणली जात नाही ना, चावीचं लॉक बरोबर लागतं-सुटतं ना, हे तपासतात. मग मोकळ्या मैदानात हळू चक्कर, आणि नंतर अलाइनमेंट. पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा परत तपासून घ्या.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे स्टिअरिंगचा मोकळा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही आणि जोडणीचे बोल्ट, पिना पक्क्या लॉक केलेल्या हव्यात. साधारण आकाराच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेला जवळपास दहा सेंटीमीटर. ही शेवटची मर्यादा आहे, चांगल्या गाडीची खूण नाही.

मालवाहू आणि प्रवासी वाहनांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं. पण गाडी पास झाली म्हणजे कुणी जॉइंट खोलून आतला बोल्ट बघितला असं होत नाही. पासिंगच्या कागदावर विसंबून वरची तपासणी सोडू नका.

कामाचं पक्कं बिल घ्या. त्यावर गाडीचा नंबर, कोणता भाग बदलला, नवा की जुना, हे लिहून घ्या. काढलेला भाग परत मागा. काम सदोष निघालं आणि गॅरेजवाला ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. बिल नसेल तर दोन्हीकडे बाजू लंगडी पडते.

चालत्या गाडीत स्टिअरिंग ढिलं झालं तर

ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग घट्ट धरा, झटका न देता ब्रेक दाबत गाडी थांबवा, चारही इंडिकेटर लावा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. ‘एवढं घरापर्यंत नेऊ’ म्हणून परत गाडी सुरू करू नका. टोचन लावूनही ती ओढू नका, कारण ओढतानाही मागच्या गाडीला स्टिअरिंग लागतंच. मिस्त्रीला जागेवर बोलवा किंवा गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून न्या.

सौदा करण्याआधी हे विचारा

गाडी समोरून धडकली होती का? डॅशबोर्ड, लॉक किंवा स्टिअरिंग कधी खोललं होतं का? कुठल्या गॅरेजला, बिल आहे का? विकणारा हे टाळत असेल, तर इसार देण्याआधी ओळखीचा मिस्त्री सोबत न्या आणि त्याला बोनेटच्याही आधी स्टिअरिंगखाली बघायला सांगा. त्याची मजुरी सौद्याच्या रकमेपुढे किरकोळ असते. याच गाडीत उद्या माल भरायचा आहे, लग्नाला घरची माणसं बसवायची आहेत आणि घाट उतरायचा आहे.