एका सीसीचं माप

आमच्या घरी ज्वारी कधी कुणी मोजली नाही, मापली. आजी अधोली शिगोशीग भरायची आणि पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची. 1988 साली परभणीच्या एका प्रयोगशाळेत मी रोजंदारीवर लागले. पहिल्याच दिवशी साहेबांनी खुणा केलेली काचेची नळी हातात दिली आणि म्हणाले, "बाई, या खुणेपर्यंत भरली की एक सीसी. एक सीसी म्हणजे वीस हजार अंडी." मनात म्हटलं, ही तर काचेची अधोली.

अंडी कॉरसायराची, म्हणजे तांदळात जाळी करणाऱ्या पतंगाची. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर, रंग दुधाळ. हा पतंग आम्ही भरडलेल्या ज्वारीवर वाढवायचो. परभणीत ज्वारीला काय तोटा! पतंग जाळीच्या डब्यात सोडले की अंडी खाली गळत. ती चाळायची, पंखांची भुकटी पाखडून काढायची. ही भुकटी नाकात गेली की दिवसभर शिंका. तोंडाला पदर बांधून काम करणाऱ्या आम्ही चौघी. एकीला पुढं दमाच जडला.

मग अतिनील दिव्याखाली अंडी ठेवायची, म्हणजे आतला जीव मरतो आणि अळी बाहेर येऊन कार्डावरची बाकीची अंडी खात नाही. डिंक लावलेल्या एकेका कार्डावर ती सीसीभर पसरायची आणि ट्रायकोग्रामा सोडायचा. हा मित्रकीटक अंड्याहून फारसा मोठा नाही. तो दुसऱ्याच्या अंड्यात आपलं अंडं घालतो. तीन-चार दिवसांत ते अंडं काळं पडतं, आठवड्याभरात त्यातून अळीऐवजी नवा ट्रायकोग्रामा निघतो. कपाशीच्या पानामागं कार्डाचे तुकडे टाचले की तो बोंडअळीची अंडी शोधत फिरतो. शिफारस हेक्टरी दीड लाखाची, म्हणजे एकरी तीन कार्डं.

हा कारखाना आपल्याकडं सुरू झालेला नाही. 1920 च्या दशकात कॅलिफोर्नियात स्टॅनले फ्लँडर्स यांनी धान्यातल्या दुसऱ्या एका पतंगाच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा मोठ्या संख्येनं वाढवण्याची रीत बसवली. आपल्याकडं कॉरसायरा रुळला.

मोजणी यायची ती अंडी काळी पडल्यावर. कार्डावर सगळीच अंडी काळी होत नाहीत. शेतकऱ्याच्या हाती कार्ड द्यायचं तर शेकडा किती काळी झाली, ते कळायला हवं. कार्डावर पाच जागी एक-एक चौरस सेंटिमीटर आखायचा, भिंगाखाली धरायचा आणि सुईच्या टोकानं एकेक अंडं शिवत जायचं. एका चौकोनात सव्वाशे-दीडशे अंडी. काळ्याला डाव्या हातातल्या काउंटरचा खटका, पांढऱ्याला कागदावर रेघ, चार रेघांवर पाचवी आडवी. मध्येच कुणी "चहा घेता का?" म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. विसाच्या हिशेबानं मोजणारी आमची एक मैत्रीण मात्र बोलता बोलता मोजायची आणि चुकायची नाही. तिच्यावर माझा तेव्हा फार राग होता.

त्या मोजणीतच मला अधोलीचं गुपित कळलं. पुस्तकांत एका सीसीला 16 ते 18 हजार अंडी असंही लिहिलेलं असतं, कार्डावर छापलेलं वीस हजार. नळी ठोकून भरली तर जास्त मावतात, सैल भरली तर कमी. आजीच्या हातची शीग आणि वाण्याच्या हातची शीग सारखी कुठं असते?

1990 च्या दशकात हिरवी बोंडअळी फवाऱ्यांना दाद देईना, तेव्हा आमच्या दाराशी कार्डांसाठी रांगा लागल्या. 2002 साली बीटी कापूस आला आणि रांग आटली. मी मात्र कामावर राहिले, कारण ऊस-मक्यासाठी थोडी कार्डं लागतच.

2011 च्या सुमारास एक विद्यार्थी स्कॅनर घेऊन आला. त्याच्याकडं इमेजजे नावाचं फुकट सॉफ्टवेअर होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रॅसबँड यांनी ते 1997 साली काढलं, त्याआधी 1987 पासून मॅकिंटॉशवर त्याचा थोरला भाऊ होता. लोक ते पेशी मोजायला वापरत, पण त्याला पेशी काय नि अंडं काय! इंचाला 600 ठिपक्यांनी कार्ड स्कॅन केलं की एक अंडं बारा ठिपके लांब दिसतं. प्रत्येक ठिपक्याला 0 ते 255 मधला एक आकडा, 0 म्हणजे काळाकुट्ट. एक सीमा ठरवायची, तिच्याखालचं ते काळं. चौकोन डोळ्याची पापणी लवायच्या आत मोजून झाला.

आकडा माझ्यापेक्षा जास्त आला. पोरगं खूष. मी पडद्यावर बोट ठेवलं: "हा पतंगाचा पाय आहे. हा डिंकाचा बुडबुडा. आणि ही दोन अंडी चिकटलेली, ती तू एक धरलीस." मग त्यानं बारीकसारीक ठिपके गाळायला आकारमानाची अट घातली, लांबुळके पाय गोलाईच्या अटीनं काढले, चिकटलेल्यांच्या मध्ये रेघ मारणारी आज्ञा दिली. त्या आज्ञेचं नाव वॉटरशेड. पाणलोटाची कामं पाहिलेल्या माझ्या भावानं ते ऐकून विचारलं, कार्डावर बांध घातला का? थोडंफार तसंच आहे. दोन खळग्यांमधला उंचवटा शोधून तिथं तोडायचं.

तीन दिवस आम्ही दोघं शेजारी बसलो. तो यंत्रानं, मी सुईनं. शेवटी आकडे जुळले, फक्त सीमेवर अडलं. तिसऱ्या दिवसाचं अंडं ना काळं ना पांढरं, तपकिरी असतं. सीमा 90 वर ठेवली तर ती सगळी पांढऱ्यात, 120 वर ठेवली तर काळ्यात. शेकडा हिशेब तिथंच फिरायचा.

2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं बीटीलाही जुमानलं नाही. गावोगाव बोंडं किडली. कार्डांची विचारपूस पुन्हा सुरू झाली, या वेळी ट्रायकोग्रामाच्याच कुळातल्या दुसऱ्या मित्रकीटकाची. एका पावसाळी दुपारी त्याच विद्यार्थ्याचा फोन आला. आता तो दुसरीकडं शिकवतो. मुलांना मोजणी दाखवत होता आणि सीमेच्या आकड्यावर गाडी अडली होती.

"मावशी, तपकिरी अंडं तुम्ही कशात धरत होता?"

मी म्हटलं, "कार्ड आजच्या बसनं पाठव. उद्या पुन्हा बघू, रंग चढला तर काळ्यात."