पुष्पक : आज्ञा पाळणाऱ्या घराची कुळकथा

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव आणि त्याच्या जवळचे, समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब, हा मुलूख गोदाकाठच्या रामकथेच्या पट्ट्यात मोडतो. नदीच्या वरच्या अंगाला एकनाथांचे पैठण आणि त्याही वर नाशिकची पंचवटी आहे, तर वायव्येला वेरूळच्या लेण्यांत रामायणातील प्रसंग दगडात कोरलेले आहेत. या पट्ट्यातील कीर्तन-प्रवचनांतून पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेले आणि कोणीही कधी न पाहिलेले आकाशयान म्हणजे पुष्पक विमान होय. त्याची रचना आणि त्याचा इतिहास मूळ कथेच्या आधारे तपासला, तर त्यातील प्रत्येक चमत्कारिक गुण एखाद्या प्रसंगाची अडचण सोडवण्यासाठी आलेला दिसतो, आणि त्याला यंत्र समजून त्याचा आराखडा शोधणाऱ्यांची फसगत का झाली, हेही त्यातूनच उलगडते.

वाल्मीकि रामायणानुसार हे विमान विश्वकर्म्याने ब्रह्मदेवासाठी घडवले, ब्रह्मदेवाने ते तपश्चर्येवर प्रसन्न होऊन कुबेराला दिले आणि रावणाने आपल्या या सावत्र भावाचा पराभव करून ते लुटून नेले. सुंदरकांडात सीतेचा शोध घेणाऱ्या हनुमंताला ते लंकेच्या राजवाड्यात दिसते, तेव्हा त्याचे वर्णन वाहनापेक्षा वाड्याला अधिक शोभणारे आहे : सोन्याच्या जाळीच्या खिडक्या, रत्नजडित जिने, कृत्रिम पक्षी, फुलांनी डवरलेली झाडे आणि कमळे धरलेल्या हत्तींच्या मध्ये बसलेली लक्ष्मी. हनुमंत त्यावर चढतो, तेव्हा त्याला प्रथम जाणवतो तो खाद्यपेयांचा दरवळ. इंजिन, चाक किंवा सुकाणू यांपैकी कशाचाही उल्लेख तेथे नाही. उत्तरकांडाने त्यात आणखी एका सोयीची भर घातली असून, हे विमान फार थंडही नसते आणि फार गरमही नसते, ते सर्व ऋतूंत सुखद असते, असे तेथे म्हटले आहे. राजवाड्याकडून ज्या अपेक्षा असतात त्या सगळ्या येथे पुऱ्या झाल्या आहेत, फक्त हा वाडा मालकाच्या मनात येईल तेथे जातो.

ते नेमके कशाने चालते, याबाबत मात्र कथेचे स्वतःशीच एकमत नाही. काही ठिकाणी ते केवळ स्वामीच्या इच्छेने जाणारे, म्हणजे ‘कामग’ आहे, तर युद्धकांडात लंकेहून निघताना त्याला हंस जोडलेले आहेत. मनाच्या वेगाने जाणाऱ्या यानाला हंसांची गरज काय, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडतो. पण रथाला घोडे असतात तसे आकाशयानाला पक्षी असावेत, एवढ्यावर श्रोत्याचे समाधान होत असे, आणि चित्रकारांनी पुढे हंसच उचलले, कारण इच्छा चित्रात काढता येत नाही.

या विमानाचा सर्वांत विलक्षण गुण युद्धकांडातील एका करुण प्रसंगात प्रकट होतो. इंद्रजिताच्या नागपाशाने राम-लक्ष्मण रणभूमीवर निश्चेष्ट पडले असताना, ते मेले आहेत असे सीतेला दाखवण्यासाठी रावण तिला राक्षसींबरोबर पुष्पकात बसवून रणांगणावर पाठवतो. सीता विलाप करू लागते, तेव्हा त्रिजटा तिला जी समजूत घालते तीत मुद्दा विमानाचाच आहे : हे दोघे खरोखरच गतप्राण झाले असते, तर या दिव्य विमानाने तुला धारण केले नसते. पुष्पक विधवेला वाहून नेत नाही, असा हा नियम आहे. तत्कालीन समाजाने विधवेला मंगलकार्यातून जसे दूर ठेवले, तसाच दंडक येथे यानालाही लावलेला आहे, आणि ती गोष्ट आज वाचताना बोचते. तरीही कथाकाराने त्या दंडकातून सौभाग्याची साक्ष काढून घेतली, हे त्याचे कसब मान्य करावेच लागते. ज्या वाहनातून रावणाने सीतेला निराश करू पाहिले, त्या वाहनानेच त्याचे कारस्थान उघडे पाडले. हा नियम पूर्वी कोठे ठसठशीतपणे सांगितलेला नाही, तो त्या क्षणापुरता अवतरतो.

उत्तरकांडातील दुसऱ्या एका प्रसंगात हेच विमान अडते. कुबेराला जिंकून निघालेल्या रावणाचे पुष्पक शरवणाजवळ, म्हणजे कार्तिकेयाच्या जन्मस्थानी असलेल्या बोरूच्या वनापाशी, अचानक थांबते. येथे शंकर क्रीडा करीत असल्याने कोणालाही प्रवेश नाही, असे नंदी सांगतो, आणि संतापलेला रावण पर्वतच उचलायला धावतो. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात खोदलेल्या वेरूळच्या कैलास लेण्यात हा पुढचा भाग कोरलेला आहे : खाली अनेक हातांनी पर्वत हलवणारा रावण, वर शंकराला बिलगलेली पार्वती आणि भीतीने पळत सुटलेली दासी. शिल्पकाराचे लक्ष पर्वताच्या थरकापाकडे आहे; ज्याच्या थांबण्यामुळे हे सारे घडले ते विमान त्याच्या दृष्टीने गौण होते.

लंकेहून परतताना विभीषण ते रामाला अर्पण करतो, आणि सुग्रीवासह वानर, अस्वले व राक्षस अशी सारी मंडळी चढूनही सर्वजण दाटी न होता सुखाने बसली, असे वाल्मीकी सांगतात. पुष्पकात कितीही माणसे बसली तरी एकाची जागा उरतेच, ही लोकांत रूढ असलेली समजूत याच वर्णनाच्या जवळची आहे. मनोवेगी असूनही ते इतक्या सावकाश जाते, की राम सीतेला खालची रणभूमी, सेतू, किष्किंधा आणि गोदावरी एकेक करून दाखवू शकतो. पुढे भरद्वाजांच्या आश्रमात थांबून तो हनुमंताला भरताचे मन जाणून घ्यायला पुढे पाठवतो. मराठीत हा परतीचा प्रवास सांगण्याचा मान एका शिष्याकडे गेला : एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडाच्या 44 व्या अध्यायापर्यंत आले आणि पुढचा भाग गावबाने पूर्ण केला, असे परंपरा मानते. 1703 मध्ये श्रीधरांचा ‘रामविजय’ पूर्ण झाला आणि ही कथा घरोघरच्या पोथीवाचनात स्थिरावली. रामदासांनीही रामायणातील जी दोन कांडे विस्ताराने रचली ती सुंदर आणि युद्ध, म्हणजे नेमकी पुष्पकाच्या वास्तव्याची.

सीतेचे हरण पुष्पकातूनच झाले, ही समजूत मात्र मूळ कथेशी जुळत नाही. पंचवटीहून रावणाने तिला गाढवे जुंपलेल्या मायावी रथातून नेले आणि तो रथ जटायूने मोडला, असे वाल्मीकी म्हणतात.

विमानाची दुसरी मराठी कल्पना तुकाराम महाराजांच्या वैकुंठगमनाशी जोडलेली आहे. प्रभात फिल्म कंपनीने 1936 मध्ये आणलेल्या, विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात ते पडद्यावर एका मोठ्या पक्ष्याच्या रूपात अवतरते, म्हणजे वाड्याची जागा येथे गरुडाने घेतलेली आहे.

यंत्र म्हणून विमान शोधण्याचा नाद याच्या आधीच सुरू झाला होता. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे (1864–1916) यांनी ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ हे पुस्तक लिहिले. 1895 मध्ये त्यांनी चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडवले, ही आख्यायिका आजही प्रिय असली तरी तिला खात्रीलायक समकालीन आधार नाही. ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ भरद्वाज ऋषींच्या नावावर आहे, पण तो विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात सुब्बराय शास्त्री यांनी सांगून लिहवून घेतला. त्यात शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर असे चार प्रकार असून, त्यांची रेखाटने बंगळूरच्या एका आरेखकाकडून, म्हणजे यंत्रांचे आराखडे काढणाऱ्याकडून, करून घेतली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी 1974 मध्ये त्यांची छाननी केली आणि यांतील एकही यान उडण्याजोगे नाही, तसेच ग्रंथही प्राचीन नाही, असा निष्कर्ष काढला. वाल्मीकींवर असा आरोप येऊ शकत नाही. त्यांनी आराखडा दिलाच नव्हता. मजले, जिने आणि खिडक्यांना पंख व धुराडी जोडण्याचा उद्योग नंतरच्यांनी केला.

नाव मात्र टिकले. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने 1958 मध्ये प्रथम उडवलेले, उड्डाण शिकवण्याच्या क्लबांसाठी बनवलेले हलके विमान ‘पुष्पक’च होते, पण त्यात जागा दोघांचीच होती, वानरसेनेच्या परंपरेला मुंबई-लखनऊ पुष्पक एक्सप्रेसचा साधा डबा अधिक जागतो. मार्च 2024 मध्ये कर्नाटकातील चित्रदुर्गजवळ इस्रोने हेलिकॉप्टरमधून सुमारे साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडलेले आणि आपले आपण धावपट्टीवर उतरलेले पंखवाले यानही याच नावाचे आहे. त्यात प्रवासी नाही आणि वैमानिकही नाही. सांगितलेल्या जागी स्वतःहून येऊन उभे राहण्याचा जुना गुण त्यात उतरला आहे, फक्त ही आज्ञापालनाची सोय संगणकाने पुरवलेली आहे.